गोधडीतली काळी बिअर

मे महिन्यातल्या एका सकाळी राजेंद्रभाऊंनी टेबलावर यीस्टची तीन पाकिटं ठेवली. आदिनाथनं ती पुढून पाहिली. सत्यशीलाबाईंनी ती उलटी केली, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि मागची बारीक अक्षरं वाचायला सुरुवात केली.

"मावशी, नाव पुढं आहे," आदिनाथ हसून म्हणाला.

"नाव कुणीही चांगलंच ठेवतं. स्वभाव मागं लिहिलेला असतो," त्या म्हणाल्या. "आणि मावशी घरी. इथं सत्यशीलाबाई."

मुकुंदवाडी स्टेशनपासून दहा मिनिटांवर राजेंद्रभाऊंचं हॉटेल आहे. पुढं जेवणाची टेबलं, एका बाजूला चुलीवर भाकरी थापणाऱ्या सारजाबाई, आणि मागं काचेच्या भिंतीआड स्टीलच्या चार टाक्या. रीतसर परवाना घेऊन बिअर तिथंच तयार होते. काउंटरच्या मागं एक मोठा काळा फळा आहे. त्यावर खडूनं बिअरचं नाव आणि त्याखाली ती करणाऱ्याचं नाव लिहायची तिथं पद्धत होती. 'ब्रुअर : आदिनाथ' असं त्यावर तीन वेळा लिहिलेलं होतं, कारण आदिनाथ पुण्याहून ते शिक्षण घेऊन आला होता आणि दुसरा कुणी ब्रुअर तिथं नव्हता.

चौथ्या टाकीत काळी बिअर करायची, असं राजेंद्रभाऊंच्या मनात होतं. करपवलेल्या जवाची, कॉफीच्या वासाची, स्टाउट म्हणतात ती. आधी घरगुती मापाच्या वीस वीस लिटरच्या दोन बादल्या करून बघू, असं ठरलं. एक आदिनाथची, एक सत्यशीलाबाईंची. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला जव, तेच, पाणी तेच, यीस्ट आपापल्या पसंतीचं. दोन आठवड्यांनी शनिवारी चाखायचं. जी बादली सरस तिची बिअर टाकीत जाईल.

"आणि फळ्यावर नाव?" सत्यशीलाबाईंनी विचारलं होतं.

"ज्याची बिअर त्याचं नाव," राजेंद्रभाऊ म्हणाले होते. बोलताना त्यांचं लक्ष मोबाइलमध्ये होतं, पण बाईंचं त्यांच्याकडं होतं.

त्या एका ओळीसाठी साठीला आलेली बाई एवढी का अडून बसली, हे कळायला थोडं मागं जावं लागेल.

सत्यशीला निकम मूळच्या कन्नड तालुक्यातल्या. बारावी सायन्स झाल्या आणि लग्न होऊन शहरात आल्या. नवरा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत बिअरच्या कारखान्यात होता. एका पावसाळ्यात रस्त्यावरच्या अपघातात तो गेला, आणि त्याच कारखान्यात बाईंना काम मिळालं. धुतलेल्या बाटल्या उजेडाच्या पडद्यासमोरून सरकत जायच्या, आणि बाईंनी स्टुलावर बसून त्यातली तडकलेली, कचरा राहिलेली बाटली उचलून बाजूला काढायची. केसासारखा बारीक तडादेखील त्यांच्या नजरेतून सुटत नसे. तेव्हाचे केमिस्ट साहेब एकदा उभे राहून बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना प्रयोगशाळेत नेलं आणि सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं.

तिथं त्या एकतीस वर्षं बसल्या. काम एकच, यीस्ट मोजायचं. काचेच्या पट्टीवर थेंब ठेवायचा, त्यात निळा रंग मिसळायचा. मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत असतात त्या रंगाला आत येऊ देत नाहीत, पाण्यासारख्या स्वच्छ राहतात. बाईंना त्या स्वच्छ पेशींचं मोठं कौतुक. "बघा, दारात उभ्या राहून रंगाला सांगतात, चल निघ," असं त्या नव्या मुलींना दाखवायच्या.

मोजणीचा एक छापील तक्ता असे. आकडे बाईंच्या अक्षरातले. खाली 'तपासणारा' असा रकाना, तिथं केमिस्टची सही. एकतीस वर्षांत नऊ केमिस्ट झाले. त्यातल्या पाचांना सूक्ष्मदर्शक नीट कसा लावायचा, हे बाईंनीच शिकवलं. सही मात्र त्यांचीच. हेल्परनं सही करायची नसते, असा नियम होता, आणि बाई शेवटपर्यंत हेल्परच होत्या. निवृत्तीच्या दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि एक चौकटीतलं प्रमाणपत्र मिळालं. त्यावर सुंदर अक्षरांत 'मदतनीस' लिहिलं होतं. बाईंनी घरी येऊन चौकट सोडवली, काचेचा उपयोग देवाच्या तसबिरीला केला आणि कागद कपाटाच्या खणात तळाला अंथरला, छापील बाजू खाली.

दीड वर्षानं राजेंद्रभाऊंच्या टाक्यांतली बिअर आंबट व्हायला लागली. कुणीतरी त्यांना बाईंचं नाव सांगितलं. बाईंनी येऊन दोन दिवसांत कुठल्या नळीत घाण राहते ते शोधून दिलं. कामावर या म्हटल्यावर त्यांनी एकच अट घातली. "माझ्या मोजणीखाली माझी सही." राजेंद्रभाऊंना ती अट इतकी किरकोळ वाटली की ते हसले. बाई हसल्या नाहीत.

तर आता ती तीन पाकिटं. पहिलं यीस्ट इंग्लंडकडचं. पंधरा ते वीस अंशांत काम करणारं, काम संपलं की तळाशी घट्ट बसणारं, थोडी गोडी मागं ठेवणारं. काळ्या बिअरसाठी नावाजलेलं. दुसरं अमेरिकेकडचं. सरळ, स्वच्छ, पंचविसापर्यंत सांभाळून घेणारं, पण स्वतःचं काही न बोलणारं. तिसरं नॉर्वेतल्या शेतकऱ्यांच्या घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं, आता वाळवून पाकिटात आलेलं. त्याच्या मागं लिहिलं होतं, पंचवीस ते चाळीस अंश.

"हे तिसरं मी नुसतं गंमत म्हणून मागवलं होतं," आदिनाथ म्हणाला. "याला संत्र्याच्या सालीचा वास येतो. स्टाउटला नाही चालत. स्टाउट म्हटलं की इंग्लिश यीस्ट. मी तेच घेणार, आणि माझी बादली थंड कपाटात ठेवणार."

थंड कपाट एकच होतं आणि त्यात बादली एकच मावत होती. बाईंच्या वाट्याला मागची कोठीची खोली आली. तिथं दुपारी सदतीस अंश व्हायचे.

मागची बाजू वाचून झालेल्या बाईंनी खरं तर तेव्हाच तिसरं पाकीट उचलायला हवं होतं. पण त्यांच्या मनात वेगळंच होतं. ज्या यीस्टवर हा पोरगा एवढा छाती काढून बोलतो, त्याच यीस्टवर त्याला हरवीन, तेही कपाटाशिवाय.

"मलाही हेच," त्या म्हणाल्या आणि इंग्लंडचं पाकीट उचललं.

"कोठीत? मा... सत्यशीलाबाई, उकडून मरेल ते."

"कारखान्यात लाईट गेली की आम्ही काय करत होतो, ते तुला कुणी शिकवलं नसेल."

शनिवारी दोघांनी माल्ट आणि करपवलेला जव गरम पाण्यात भिजवून गोड काढा काढला, हॉप्सची कडू फुलं घालून उकळला, गार केला, बादल्यांत भरला. बाईंनी यीस्ट कोमट पाण्यात भिजवून त्यातला थेंब पट्टीवर घेतला, मोजलं, वहीत आकडा लिहिला आणि खाली सही केली. मग त्यांनी बादली पाण्याच्या घंगाळात ठेवली, भोवती ओलं गोणपाट गुंडाळलं, पाण्यात बर्फाच्या बाटल्या सोडल्या आणि समोर पंखा लावला. संध्याकाळी बादलीला चिकटवलेली तापमानाची पट्टी एकोणीस दाखवत होती. आदिनाथनं येऊन पाहिली आणि आपल्या कपाटातली पट्टी पुन्हा बघायला गेला. बाईंना तेवढं पुरेसं झालं.

अडचण रविवारची होती. कन्नडला भावाच्या मुलीचा, प्रेरणाचा साखरपुडा होता आणि आत्या नाही म्हणजे काय. बाईंनी सारजाबाईंना कोठीत नेऊन सगळं समजावलं. दर तीन तासांनी बाटल्या बदलायच्या, गोणपाट भिजवायचं, बादली हलवायची नाही, झाकण उघडायचं नाही.

"काही काळजी करू नका बाई," सारजाबाई म्हणाल्या. "पोटच्या लेकरावानी बघीन."

त्या तसंच वागल्या, आणि तिथंच घोटाळा झाला.

कन्नडला मांडवात बाईंचा भाऊ बन्सी त्यांना कोपऱ्यात घेऊन गेला. "आक्का, पाहुण्यांनी इचारलं तं हॉटेलात हिशेब बघते म्हणून सांग."

"काहून?"

"काहून म्हंजी? बाईमाणूस आन्‌ बिअर गाळती, बरं दिसतं व्हय?"

"गाळत नाय रे, आंबवते. गाळतात ती दारू. एकतीस वर्षं तेच केलं, त्याच पगारावर तुझी पोरगी शिकली, तवा बरं दिसलं?"

"हळू बोल."

"नाय बोलत." आणि जेवणाच्या पंगतीत मुलाच्या आईनं "तुम्ही काय करता?" म्हणून विचारल्यावर त्यांनी जिलेबीचा तुकडा मोडत स्वच्छ आवाजात सांगितलं, "मी बिअर करते. ह्या आठवड्यात काळी करतेय." बन्सीनं पाण्याचा जग उचलला आणि ज्यांचे पेले भरलेले होते त्यांनाही पाणी वाढत सुटला. मुलाची आई मात्र जवळ सरकून म्हणाली, "काळी कशी होते वो?" मग दोघी बराच वेळ जव कसा भाजतात यावर बोलत बसल्या.

सोमवारी सकाळी बाईंनी कोठीचं दार उघडलं आणि दारातच थबकल्या. घंगाळ नव्हतं. पंखा बंद होता. बादली भिंतीला टेकून बसवलेली आणि तिच्याभोवती, गळ्यापासून बुडापर्यंत, लाल-हिरव्या तुकड्यांची एक जाड गोधडी. वर सुतळीनं बांधलेली, गाठ नीट मारलेली.

त्यांनी गोधडीत हात घातला. पट्टीवर अडतीस. झाकणावरच्या नळीतून बुडबुडे बंदुकीच्या गोळ्यांसारखे सुटत होते आणि खोलीत नेलपॉलिशचा आणि तापलेल्या स्पिरिटचा वास भरला होता.

"सारजाबाई!"

सारजाबाई पिठाच्या हातांनीच आल्या, तोंडभर हसत. "बघा, लागलं का नाय उसळाया? काल दुपारपर्यंत मेल्यावानी पडलं व्हतं. एक बुडबुडा नाय. हात लावला तं बादली बरफ! म्हटलं, ह्या थंडीत इरजण तं कधी लागतं का? घरून गोधडी आणली. माझ्या सुनंच्या बाळंतपणातली हाय, लई ऊबदार."

बाईंनी सुतळीची गाठ सोडली. नवीन यीस्टला जागं व्हायला एक दिवस लागतो, तोवर ते गप्प असतं, हे त्यांनी सारजाबाईंना सांगितलंच नव्हतं. कारखान्यात ते सगळ्यांना माहीत असायचं.

"काय झालं? चुकलं का काही?" सारजाबाईंचं हसू उतरलं.

तेवढ्यात वासाच्या मागानं आदिनाथ आला. त्यानं गोधडी पाहिली, पट्टी पाहिली. हसू दाबायचा त्यानं प्रामाणिक प्रयत्न केला. मागोमाग राजेंद्रभाऊ आले. "हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं आणि सारजाबाईंकडं पाहिलं. सारजाबाईंचे पिठाचे हात पदराआड गेले.

"माझी चूक आहे," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "यीस्ट चुकीचं निवडलं. मागची बाजू वाचूनसुद्धा."

राजेंद्रभाऊंनी सुस्कारा टाकला. ते वाईट माणूस नाहीत. त्यांना सगळं लवकर मिटलेलं आवडतं, एवढंच. "जाऊ द्या बाई. वय आहे, दगदग कशाला. आदिनाथची बादली आहेच. तुम्ही त्याला मदत करा."

मदत. बाईंना कपाटाच्या खणातला तो पालथा कागद आठवला.

"चाखायला बारा दिवस आहेत ना?"

"आहेत, पण बारा दिवसांत..."

"मग बारा दिवसांनी बोलू."

त्यांनी बादली उचलायला आदिनाथला हात लावू दिला नाही. सारजाबाई आणि त्या, दोघींनी ती मोरीपर्यंत ओढत नेली आणि ओतली. वीस लिटर काळं पाणी फेसाळत जाळीतून गेलं. सारजाबाई डोळे पुसत होत्या. "माझ्यामुळं झालं."

"रडू नका. मला एक सांगा. तुमच्या घरचं विरजण कधी बिघडतं का?"

"नाय बा. ते कसं बिघडंल?"

"उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात तं आनखी लवकर लागतं. ते ह्या उन्हातलंच हाय ना, बाई. माझ्या सासूचं. सासूच्या सासूचं." पदरानं नाक पुसून सारजाबाई सांगायला लागल्या. "आम्ही मेंढरं घेऊन हिंडायचो तवा भांडं कुठं नेणार? सासू दह्यात फडकं बुडवून वाळवायची. वाळलेलं फडकं लुगड्याच्या ओच्यात. फुडच्या मुक्कामाला दूध तापवलं की त्यात टाकायची, वर घोंगडी. सकाळी दही. उन्हातानात फिरलेलं इरजण ते, त्याला ऊन काय नवं हाय?"

सत्यशीलाबाई मोरीच्या कठड्यावर बसल्या त्या बराच वेळ उठल्याच नाहीत. तिसऱ्या पाकिटाबरोबर एक घडीचा कागद होता, तो त्यांनी शनिवारी वाचला होता. नॉर्वेतले शेतकरी बिअर झाली की तळाचं यीस्ट फडक्यावर नाहीतर लाकडाच्या कड्यावर वाळवून टांगून ठेवायचे, आणि पुढच्या वेळी गरम काढ्यात तसंच सोडून वर पांघरूण घालायचे. शेजाऱ्याचं बिघडलं तर आपल्यातलं द्यायचे. शनिवारी ते वाचताना बाईंना त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

पुन्हा इंग्लंडचं यीस्ट घेऊन, पुन्हा बर्फ आणि गोणपाट घेऊन बसता आलं असतं. पण त्या बादलीवर पहारा करायला माणूस लागतो, आणि उद्या हीच बिअर टाकीत गेली तर टाकीवरही लागणार. आदिनाथला हरवायचं म्हणून आपण त्याचंच यीस्ट उचललं, हे त्यांना आता स्वच्छ दिसलं. त्याच्या हट्टानं आपला हट्ट ठरवला होता. आता हट्ट आपला हवा.

त्या उठल्या आणि फ्रिजमधून तिसरं पाकीट काढून घेऊन आल्या.

"खरंच हे?" आदिनाथ म्हणाला. "बाई, मी चेष्टा करत नाही. संत्र्याचा वास येईल. स्टाउट चाखणारा पहिल्या घोटाला ओळखेल."

"ओळखू दे." त्यांनी वहीत लिहिलं, 'हरकत : संत्र्याचा वास. सांगणारा : आदिनाथ.' मग वर पाहून म्हणाल्या, "तुझी हरकत खरी आहे. म्हणून हॉप्स थोडे कमी घालते आणि जव थोडा जास्त करपवते. कडू कॉफीत संत्र्याची साल पडली तर काय वाईट लागेल, ते बघू."

आदिनाथनं वहीत आपलं नाव वाकून पाहिलं. त्याचं म्हणणं कुणी असं लिहून ठेवलं नव्हतं बहुतेक. काढा गाळताना तो न सांगता येऊन मोठं पातेलं धरून उभा राहिला. बाईंनी या वेळी नको म्हटलं नाही.

यीस्ट भिजवून त्यांनी थेंब पट्टीवर घेतला. शंभरातल्या त्र्याण्णव पेशी स्वच्छ. त्यांनी सारजाबाईंना बोलावून डोळा लावायला लावला.

"अगं बया! हा तं साबुदाणा."

"हे तुमचं विरजण. निळे दिसतात ते मेलेले."

"मेलेले थोडेच हायत की." सारजाबाई डोळा काढायला तयार नव्हत्या. "आन्‌ हे जितं ऱ्हातं गोधडीत?"

"गोधडीतच राहतं. आणा ती."

काढा अंगाला सोसवेल इतका गरम असतानाच यीस्ट सोडलं. सारजाबाईंनी गोधडी गुंडाळली आणि सुतळीला तीच गाठ मारली. या वेळी त्यांनी ती दोनदा ओढून पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी एकदमच कोठीत आल्या. पट्टीवर सदतीस होते, नळी गडबडून बुडबुडे सोडत होती, आणि खोलीत कॉफीचा वास होता. फक्त कॉफीचा, आणि कुठंतरी लांब, सोललेल्या संत्र्याचा.

पाचव्या दिवशी गोडी मोजायची काचेची नळी जिथं थांबली तिथंच ती सहाव्या आणि सातव्या दिवशीही थांबली. काम संपलं होतं. बिअर छोट्या पिंपात भरून गॅस दिला. बादलीच्या तळाशी साचलेलं यीस्ट बाईंनी फेकलं नाही. धुतलेल्या पांढऱ्या फडक्यावर पातळ पसरलं आणि कोठीतल्या दोरीवर वाळत घातलं. आदिनाथ म्हणाला, "पाकीट दुसरं मागवता येतं." बाई म्हणाल्या, "माहितीय."

शनिवारी दुपारी, जेवणाची गर्दी ओसरल्यावर, राजेंद्रभाऊ काउंटरपाशी बसले. समोर दोन पेले, दोन्ही काळे, दोन्हींवर बदामी फेस.

पहिला आदिनाथचा. मऊ, जरा गोडसर, पुस्तकात लिहावी तशी. राजेंद्रभाऊंनी मान हलवली. "छान आहे. एकदम छान."

मग बाईंचा. एक घोट घेतला आणि त्यांनी पेला नाकाशी नेला. दुसरा घोट घेतला. तिसरा घेतला.

"ही स्टाउट आहे का?" ते आदिनाथला म्हणाले.

आदिनाथनं बाईंची बिअर आपल्या पेल्यात ओतून चाखली. त्यानं पेला खाली ठेवला. तेवढ्या वेळात त्याला बरंच काही सोडून द्यावं लागलं असणार. "पुस्तकातली नाही," तो म्हणाला. "पण आहे. आणि ह्या उन्हात मला परत मागवावीशी वाटेल ती हीच."

सारजाबाई चुलीपाशी उभ्या होत्या. राजेंद्रभाऊंनी गमतीनं पेला त्यांच्याकडं धरला. त्यांनी लांबूनच वास घेतला. "करपल्या भाकरीचा वास येतोय."

"तोच पायजे," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"मग ठरलं," राजेंद्रभाऊ म्हणाले. "बाईंची टाकीत जाईल. शिवाय ह्या टाकीला गार करायचं यंत्रही लावायला नको. फक्त एक आहे बाई. फळ्यावर नाव आदिनाथचंच राहू द्या. म्हणजे कसं, गिऱ्हाइकाला तो ब्रुअर म्हणून माहीत आहे. पुण्याचं शिक्षण वगैरे. तुमचं काम आपल्या सगळ्यांना माहीत आहेच ना."

हे वाक्य सत्यशीलाबाईंनी आधी ऐकलं होतं. नऊ साहेबांच्या तोंडून, नऊ तऱ्हेनं. तुमचं काम आम्हाला माहीत आहेच. ज्यांना माहीत असायचं ते बदलून जायचे, आणि तक्त्यावर त्यांची सही राहायची.

त्या काउंटरच्या आत गेल्या. पिंप लहान होतं पण भरलेलं होतं. त्यांनी ते दोन्ही हातांनी उचललं आणि मोरीकडं निघाल्या.

"अहो, हे काय?"

"एक बादली ओतलीच आहे मी ह्या मोरीत. दुसरी ओतायला मला जड जाणार नाही."

"बाई, एवढ्याशा नावासाठी?"

"एवढंसंच आहे तर लिहा की."

राजेंद्रभाऊंनी मदतीसाठी आदिनाथकडं पाहिलं. आदिनाथ पेल्यात बघत होता. "माझं नाव लिहू नका," तो म्हणाला. "उद्या कुणी विचारलं गोधडी का गुंडाळली, तर मी काय सांगू?"

सारजाबाई मधल्या वाटेत येऊन उभ्या राहिल्या होत्या, कमरेवर हात ठेवून. त्या बाईंना अडवायला आल्यात की मोरीची जाळी काढून द्यायला, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. राजेंद्रभाऊंना तेही कळेना. त्यांनी हात वर केले.

"बरं बाबा, बरं. ठेवा ते खाली. उद्या फळा लिहिणाऱ्याला बोलावतो."

"खडू कुठं आहे?" सत्यशीलाबाईंनी विचारलं.

पिंप त्यांनी खाली ठेवलं, पण स्वतःच्या पायाशी. आदिनाथनं खणातून खडू काढून दिला. त्यांनी फळ्याच्या चौथ्या जागी लिहिलं, 'काळी बिअर'. त्याखाली, 'ब्रुअर : सत्यशीला निकम'. अक्षर तक्त्यातलंच होतं, एकतीस वर्षं छोट्या चौकोनांत आकडे बसवून बसवून घट्ट झालेलं, मोहरीएवढं.

त्या मागं सरकल्या. सारजाबाईही त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, डोळे बारीक करून. त्यांना वाचता येत नव्हतं, पण लांबी-रुंदी कळत होती.

"हे तुमचं नाव व्हय?"

"व्हय."

"मंग एवढं बारीक काहून लिवलं? चुलीपासून दिसत बी नाय."

सत्यशीलाबाईंनी फळ्याकडं पाहिलं. मग ओल्या फडक्यानं त्यांनी ती ओळ पुसून काढली, स्टूल ओढून त्यावर चढल्या, आणि फळ्याच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत नाव पुन्हा लिहायला घेतलं.